सात सीटर घ्यायचीय? मग आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरात सहा माणसं, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा, राहायला कोथरूडला सोसायटीत, बजेट ऑन रोड १६ लाखांच्या आसपास, आणि डोक्यात तीन नावं आहेत, मारुतीची अर्टिगा सीएनजी, कियाची कॅरेन्स, नाहीतर सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा. आणि वैताग असा की ज्याला विचारावं तो एकतर आपली गाडी डोक्यावर घेऊन नाचतो नाहीतर शिव्या घालतो, मग ऐकायचं कुणाचं.

दोघांचंही ऐका, कारण दोघंही खरंच सांगतायत. माझं वारज्याच्या बाजूला मल्टिब्रँड गॅरेज आहे, माणूस तक्रार घेऊन येतो आणि काम होईपर्यंत चहा पीत त्याच गाडीचं कौतुक पण तोच करत बसतो. इतकी वर्षं हे ऐकून माझं एक मत पक्कं झालंय: लोक सात सीटरचं जे कौतुक करतात ते पुढच्या दोन रांगांचं असतं, आणि जो वैताग असतो तो जवळजवळ सगळा तिसऱ्या रांगेचा, मागच्या एसीचा आणि डिकीचा. शोरूममध्ये इंजिन, सनरूफ, टचस्क्रीन यावर तासभर चर्चा होते आणि मागच्या सीटवर कुणी बसूनसुद्धा बघत नाही. सहा महिन्यांनी तीच सीट घरात भांडणं लावते.

तशी ही हौस पुण्याला नवीन नाही. आकुर्डीत बनणारी मॅटाडोर भाड्याने करून अष्टविनायक केलेली पिढी अजून आहे, मग १९९४ ला टेल्कोची (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची) सुमो आली, २००० ला क्वालिस, २००५ ला इनोव्हा. पण या सगळ्या गाड्यांत माणसं कोंबली जायची आणि कुणी तक्रार करायचं नाही, पाय आखडले तर आखडले. २०१२ ला अर्टिगा आल्यावर नोकरदार माणसाने स्वतःच्या पैशाने, हप्ते भरून सात सीटर घ्यायला सुरुवात केली, आणि हप्ता भरणारा माणूस तक्रार करणारच ना.

तर पहिलं काम म्हणजे तिसरी रांग कुणाची हे आत्ताच घरी बसून ठरवा. आई-बाबा मागे जाणार नाहीत, गुडघे आणि कंबर दोन्ही नाही म्हणतात. मुलं लहान आहेत तोवर आनंदाने जातात, मागे त्यांचं स्वतंत्र राज्य असतं. पण मुलगा आठवी-नववीला गेला, उंच झाला की त्याचे गुडघे छातीशी यायला लागतात आणि मग तो पुढे येतो आणि मागे कोण जातं, तर घरातली बाई. आणि गाडी पसंत करताना तिला शोरूममध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसवलेलं असतं. म्हणून म्हणतो, टेस्ट ड्राइव्हला सगळं घर घेऊन जा, सेल्समनने कितीही तोंड वाकडं केलं तरी, आणि तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत बसा, गाडी त्याला चालवू दे. पाचशे मीटरचा राउंड चालणार नाही, निदान अर्धा तास, दोन-चार स्पीडब्रेकर आणि एखादा खराब रस्ता पाहिजेच.

बसल्यावर काय बघायचं ते सांगतो. मांड्यांखाली सीटचा आधार मिळतो का, की मांड्या हवेत आणि सगळं वजन बुडावर? बहुतेक गाड्यांत मागची जमीन वर आलेली असते आणि सीट खाली असते, त्यामुळे उकिडवं बसल्यासारखं होतं. क्रिस्टासारखी चासीवर बॉडी ठेवलेली गाडी असेल तर जमीन आणखी वर. डोकं आणि मागची काच यात किती अंतर उरतं तेही बघा. कॅरेन्सची तिसरी रांग या बजेटमध्ये मला सगळ्यात बरी वाटते, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७८० एमएम आहे, अर्टिगाचा २७४०, पण फक्त आकड्यावर जाऊ नका, सीट कशी बसवलीय त्यावर जास्त ठरतं. दोन्हींत मागची पाठ थोडी रिक्लाइन होते आणि ती एक क्लिक कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासात फार उपयोगी पडते.

मग आत शिरायचं कसं हा दुसरा विषय. कॅरेन्सच्या काही व्हेरियंटला बटण दाबलं की दुसरी सीट आपोआप दुमडते, लोक ह्या एका बटणावर फिदा असतात. बाकी गाड्यांत लिव्हर ओढायचा, सीट पुढे ढकलायची, आणि तो लिव्हर आईच्या हाताला ओढला जातो का ते तिथेच बघा. सहाच माणसं आहेत तर कॅप्टन सीटवाली, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असलेली, सहा सीटर छान वाटते, मधून चालत मागे जाता येतं, सीट हलवायचीच गरज नाही. मारुतीची एक्सएल६ त्यासाठीच लोक घेतात. पण मग पाहुणा आला की पंचाईत, आणि आपल्याकडे पाहुणा येतोच.

सीटवरून आठवलं. मध्ये एक गाडी आली, तक्रार अशी की दुसऱ्या रांगेची डावी सीट लॉकच होत नाही, ब्रेक मारला की पुढे सरकते, आणि आधी कुठेतरी दाखवलं तर तिथे पूर्ण सीट असेंब्ली बदलायचं एस्टिमेट हातात दिलेलं. आम्ही सीट पुढे ओढून टॉर्च मारला तर खालच्या रेलमध्ये पोह्यांचा चिवडा, त्यावर सांडलेला ज्यूस वाळून झालेला खडा, पेन्सिलचं टोक आणि एक रुपयाचं नाणं बरोब्बर दात्यात अडकलेलं. व्हॅक्यूम मारला, ब्रशने रेल साफ केला, चिमट्याने नाणं काढलं, थोडं ग्रीस, खटकन लॉक बसला. सात सीटरमध्ये सरकणाऱ्या, दुमडणाऱ्या जागा जास्त, आणि खाणारी तोंडं पण जास्त, त्यामुळे दर वॉशिंगला सीट पुढे-मागे करून रेल साफ करून घ्या, वॉशिंगवाला आपणहून करणार नाही. आणि लॉक नीट बसला की नाही हे हलवून बघायची सवय लावा, हा सेफ्टीचा मामला आहे.

आता डिकी. सातही सीट उभ्या असतील तर अर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६, रेनोच्या ट्रायबरची फक्त ८४. म्हणजे अर्टिगा-कॅरेन्समध्ये दोन लहान केबिन बॅगा आणि वर एखादी पिशवी, बास. सहा माणसं गणपतीला गावी निघाली तर सहा जणांचे कपडे, आईच्या औषधांची पिशवी, डबे, येताना नारळ आणि फणसपोळी, हे सगळं मावत नाही ही गोष्ट लोकांना निघायच्या दिवशी पहाटे पार्किंगमध्ये कळते. मग तिसऱ्या रांगेची अर्धी सीट दुमडायची आणि उरलेल्या अर्ध्यावर एकाने बॅगा मांडीवर घेऊन बसायचं. म्हणून सहा माणसांसाठी हिशोब सोपा ठेवा, तिसऱ्या रांगेत एक माणूस आणि बाकी सामान. सातवा माणूस आला तर छतावर कॅरिअर लागणार. छतावर किती किलो चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते बघूनच लावा, कारण वर वजन गेलं की घाटाच्या वळणाला गाडी जास्त कलते आणि ॲव्हरेजही पडतं.

अर्टिगा सीएनजी घेणाऱ्याने हे दोनदा वाचा, कारण ती टाकी त्याच डिकीत बसते. सातही सीट वापरता येतात हे खरंय, पण मागे सामानाला जागा म्हणाल तर राम राम. सीएनजीवाले खूश असतात ते खर्चावर, कंपनीचा आकडा किलोला २६.११ किमी आहे आणि पेट्रोल मॅन्युअलचा लिटरला २०.५१, रोज हिंजवडी-कोथरूड करणाऱ्याला महिन्याच्या शेवटी फरक खिशात दिसतो. नाखूश असतात ते पंपावरच्या रांगेवर आणि घाटातल्या दमावर. पेट्रोलवर इंजिनची ताकद १०३ पीएस आहे, सीएनजीवर ८८ च्या आसपास उरतात, सहा माणसं आणि एसी घेऊन ताम्हिणी चढताना ते जाणवतंच. उपाय सोपा आहे, घाट सुरू व्हायच्या आधी पेट्रोलवर टाका आणि उतरल्यावर परत गॅसवर. पेट्रोल नुसतं तळाशी ठेवून वर्षभर गॅसवरच पळवू नका, इंजेक्टर आणि पंपाला ते मानवत नाही. आणि दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, असते, जुनी सीएनजी गाडी घेताना त्याचं सर्टिफिकेट आधी मागा.

एसीबद्दल एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे रांग लागते. सात सीटरची केबिन मोठी, काचा जास्त, आणि उन्हात उभी केलेली गाडी आत भट्टी होते, तर पहिली दहा मिनिटं मागे हवा गार येणार नाही हे धरूनच चाला. मागे नुसता ब्लोअर आहे, जो पुढची गार हवा मागे ढकलतो, की मागे वेगळं कूलिंग कॉइल आहे, हे विकत घेताना विचारा, दोन्हींच्या गारव्यात फरक पडतो. वेगळं कॉइल असेल तर छान, पण ते लीक झालं की आतली ट्रिम उघडावी लागते आणि बिल वाढतं. रोजच्या वापरात मागचा ब्लोअर बंद ठेवतात आणि वर्षभराने सुरू केला की वास येतो, तर आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा मिनिटं चालवा. निघताना सगळ्या काचा खाली करून दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर, रीसर्क्युलेशन ऑन. केबिन फिल्टर दर सर्व्हिसला काढून झटका, आपल्या मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या धुळीत त्याचा रंग बघवत नाही. आणि छतातल्या व्हेंटची हवा थेट डोक्यावर येते म्हणून आईची मान धरते या तक्रारीचं मी मेकॅनिक म्हणून काही करू शकत नाही, जाळी फिरवा किंवा स्कार्फ द्या.

लोडवर गाडी कशी वागते यावर फार कमी लोक बोलतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर स्टिकर असतो, त्यावर टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा आणि एक फुल लोडचा. बहुतेक मालक वर्षभर एकच आकडा भरतात. सहा माणसं आणि सामान घेऊन निघताना मागच्या टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा वाढवा, "गाडी मागून बसते, डोलते" ही निम्मी तक्रार तिथेच संपते. दुसरं, स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं, हेडलाइट खाली-वर करायचं, मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा ते चाक फिरवायचं असतं. सांगितल्यावर लोक विचारतात, हे आमच्या गाडीत होतं? होतं साहेब, पहिल्या दिवसापासून. आणि स्प्रिंगमध्ये घालायचे ते रबरी बफर मिळतात ना, गाडी उंच होते म्हणून, ते मी माझ्याकडे बसवत नाही. स्प्रिंगचे एक-दोन वेढे अडवून धरले की ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो, आणि रिकामी गाडी दगडासारखी आपटते. मागून बसत असेल तर शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग तपासा, गळके असतील तर जोडीने बदला.

क्रिस्टाचं आता. भरलेली क्रिस्टा १०० च्या स्पीडला जशी रस्ता धरून चालते तशी या बजेटमधली दुसरी कुठली गाडी चालत नाही, आणि लोक तिच्यावर जीव टाकतात ते यासाठीच, शिवाय जुनी झाली तरी किंमत टिकवते. पण रिकामी असताना मागून उडते, स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि पार्किंगच्या स्पीडला चांगलंच जड लागतं. रुंदी १८३० एमएम, अर्टिगाची १७३५. दहा सेंटीमीटरला काय होतंय असं वाटेल, पण सदाशिव पेठेत समोरून रिक्षा आली आणि बाजूला दुचाक्यांची रांग असली की तेवढ्यातच घाम फुटतो. आई-बाबांसाठी आणखी एक, क्रिस्टाची चढण उंच आहे, फूटस्टेप लावावी लागेल.

मुख्य म्हणजे डिझेल. २०२० पासूनच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, धुराची काजळी त्यात साठते आणि जाळून टाकायला गाडी तापून सलग चालावी लागते. तुमचा रोजचा वापर शाळा, भाजी आणि चार किलोमीटरवरचं ऑफिस असेल तर तो फिल्टर भरत राहणार आणि डॅशबोर्डवर दिवा लागणार. दर आठवड्याला एकदा हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं पळवणार असाल तरच डिझेलच्या नादी लागा. दिल्लीत डिझेल गाड्यांच्या १० वर्षांच्या वयोमर्यादेची भानगड आहे, ती आपल्याकडे नाही, त्यामुळे त्याचा धसका घेऊ नका, इथे १५ वर्षांनी फिटनेस करून रिन्यू होते.

सेकंडहँड क्रिस्टामध्ये खरी भीती वेगळीच. आधी टुरिस्ट पासिंगला, म्हणजे भाड्याची टॅक्सी म्हणून पळालेली आणि नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी गळ्यात पडू शकते. मीटरवर ७० हजार दिसतात आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बसलेली, स्टिअरिंगचं लेदर चकचकीत, मागच्या सीटबेल्टची टोकं घासलेली. एवढा वापर घरगुती गाडीला त्या किलोमीटरमध्ये होत नाही. पूर्वीच्या आरसीची माहिती आणि सर्व्हिस हिस्ट्री नंबर टाकून काढा, टोकन द्यायच्या आधी लिफ्टवर चढवून लोअर आर्मचे बुश, मागच्या एसीचे पाइप, इंजिनवरचं ऑइल बघून घ्या. विकणारा लिफ्टवर न्यायला नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा.

कॅरेन्सच्या बाबतीत साधं ११५ पीएसचं पेट्रोल इंजिन शहरात गोड चालतं, पण भरून घाटात गिअर सारखे खाली टाकावे लागतात. टर्बो घेऊन डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक घेणार असाल तर एक सवय सोडा, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची. त्यात कोरडे, तेलात न बुडवलेले क्लच असतात आणि चांदणी चौकाच्या चढावर इंच-इंच सरकताना ते तापतात. ब्रेक धरा, पुढे जागा झाली की सोडा. मॅन्युअलमध्येही हाफ क्लचवर उभं राहणं तेवढंच वाईट, फक्त तिथे वासावरून लगेच कळतं.

बाकी गाड्यांचं पटकन. ट्रायबर चार मीटरच्या आतली आहे, तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, म्हणजे पाच जणांचं घर आणि कधीतरी दोन पाहुणे असतील तर हुशार गाडी, पण १ लिटरच्या ७२ पीएसवर सहा माणसं घेऊन खंबाटकी चढायचा म्हणजे धीर पाहिजे. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड चालवली की बाकी सगळं विसरायला होतं, सिटीत खरंच पेट्रोल वाचतं, पण तुमच्या बजेटबाहेर. कियाच्या कार्निव्हलचे सरकते दरवाजे पार्किंगमध्ये काय सुख देतात ते मी पाहिलंय, पण पाच मीटरच्या वरची गाडी तुमच्या सोसायटीत उभी कुठे करणार. त्यावरून, तुमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय असेल तर आधी त्याच्या पाटीवरची उंची आणि वजनाची मर्यादा वाचा, मग बुकिंग करा. गाडी आल्यावर वॉचमनकडून कळलं की "ही चढणार नाही", असं लोकांचं झालेलं आहे.

एक वैताग असा आहे ज्याला माझ्याकडे इलाज नाही. पांढरी अर्टिगा किंवा सिल्व्हर इनोव्हा घेऊन वाकडला सिग्नलला थांबलात की कुणीतरी टॅक्सी समजून काच ठोठावून "दादर का?" विचारणार. काही जण हसून सोडून देतात, काही जणांना फार लागतं. तुमच्या घरात तसं कुणी असेल तर निळी किंवा लाल घ्या, मन शांत राहील.

तर तुमच्या केसमध्ये, रोजची धाव कमी, आई-बाबा सोबत आणि वर्षातून चार-पाच मोठे प्रवास, असं असेल तर मी कॅरेन्स पेट्रोल मॅन्युअल घेईन, कारण मागची सीट मोठ्या माणसाला चालते आणि चढ-उतार सोपा. रोज ५०-६० किमी होत असतील तर अर्टिगा सीएनजी, पण मग सामान कमी न्यायची तयारी ठेवा. क्रिस्टा फक्त तेव्हा, जेव्हा महिन्याला हायवे होतोच आणि गाडीचा इतिहास माहितीतला आहे, ओळखीच्या घरची असेल तर उत्तम.

कुठलीही घेतलीत तरी डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या रविवारी स्टेपनी उतरवून बघा. यातल्या गाड्यांत ती बुडाखाली बाहेरच्या बाजूला टांगलेली असते आणि खाली सोडायचा बोल्ट डिकीतून फिरवावा लागतो, म्हणजे ताम्हिणीत पावसात पंक्चर झालं तर आधी सगळं सामान रस्त्यावर काढा, मग बोल्ट शोधा. पार्किंगमध्ये एकदा निवांत करून ठेवा, बोल्टला ग्रीस लावा आणि जॅकचा दांडा कुठल्या कप्प्यात आहे ते घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्यालाही दाखवून ठेवा.